परंपरेची चव कुठे सापडते? उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरचा शोध

(शहरांतील पारंपरिक भारतीय खाद्यगृहे या विषयावरील व्याख्यानाचा संपादित पाठ)



कल्याणहून कर्जतच्या दिशेने निघालेल्या लोकलमध्ये विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके अर्ध्या तासाच्या आत येऊन जातात. या पट्ट्यात आज लाखो कुटुंबे राहतात. त्यांपैकी एखाद्या घरी परगावचा पाहुणा आला आणि ‘इथले, आपल्या पद्धतीचे काही चांगले खायला कुठे मिळेल?’ असे त्याने विचारले, तर यजमान क्षणभर गोंधळतो. स्थानकाबाहेर खाद्यगृहांना तोटा नाही. परंतु आत शिरून पाहावे तर बहुतेक ठिकाणी तेच एक सूचिपत्र. पनीरच्या पाच भाज्या, तंदुरी रोटी, नूडल्स, मंचुरियन आणि शेवटच्या पानावर कोपऱ्यात दोन-तीन ‘महाराष्ट्रीय पदार्थ’. मंचुरियन नावाचा हा पदार्थ मंचुरिया प्रांताने कधी पाहिलेला नाही. तो मुंबईत जन्मला, ही गोष्ट आता सर्वांना ठाऊक आहे. तो मुंबईकरच आहे, म्हणून त्याच्यावर रागावण्याचे कारण नाही. विचार करण्यासारखा प्रश्न वेगळाच आहे. ज्या भूमीत प्रत्येक जिल्ह्याची, प्रत्येक समाजाची, किंबहुना प्रत्येक घराची स्वयंपाकाची रीत निराळी, त्या भूमीतील शहरांत बाहेर जेवायला गेलेल्या माणसाच्या ताटात इतका एकसारखेपणा का यावा?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला उल्हासनगर ते बदलापूर या पट्ट्याइतकी उत्तम जागा क्वचितच मिळेल. फाळणीत घरदार गमावून आलेला सिंधी समाज, कारखान्यांच्या निमित्ताने देशभरातून आलेला कामगार, दादर-गिरगावातून विस्थापित झालेला मराठी मध्यमवर्ग आणि या सर्वांच्या आधीपासून इथे नांदणारे आगरी, कुणबी, ठाकर, कातकरी असे चार थर इथे एकमेकांशेजारी आहेत. प्रत्येकाची चूल वेगळी. त्यांतील कोणती चूल रस्त्यावर आली आणि कोणती घरातच राहिली, हे पाहिले म्हणजे कोड्याचा उलगडा होऊ लागतो.

दोन निर्वासित, दोन स्वयंपाकघरे

१९४७ साली देशाचे तुकडे झाले, तेव्हा पश्चिमेकडून दोन मोठे लोंढे भारतात आले. एक पंजाब आणि सरहद्द प्रांतातून, दुसरा सिंधमधून. पेशावरहून आलेल्या मंडळींनी दिल्लीच्या दर्यागंज भागात ‘मोती महल’ सुरू केले आणि तंदूर घेऊन पंजाबी जेवण पुढच्या पन्नास वर्षांत सर्व देशाचे ‘हॉटेलचे जेवण’ होऊन बसले. सिंधी बांधव जहाजांनी मुंबईत उतरले, रेल्वेने राजस्थान-गुजरातमार्गे आले. त्यांतील नव्वद हजारांहून अधिक लोकांना दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीच्या बॅरॅकींत जागा मिळाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीच्या नगराची पायाभरणी झाली आणि शेजारून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून त्याला उल्हासनगर हे नाव मिळाले. पण जुनी माणसे आजही पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर एक’ ते ‘कॅम्प नंबर पाच’ असेच सांगतात.

दोघांनीही सारखेच दुःख भोगले, दोघेही तेवढेच कष्टाळू. सिंधी समाजाची व्यापारी बुद्धी तर वाखाणण्याजोगी. बॅरॅकीत पडदे लावून संसार मांडणाऱ्या या माणसांनी दारोदार आणि लोकलच्या डब्यांतून माल विकला. स्त्रियांनी घरी पापड लाटले आणि दोन पिढ्यांत कापडापासून फर्निचरपर्यंतच्या बाजारपेठा उभ्या केल्या. ‘यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. मग व्यापारात इतक्या पुढे गेलेल्या या समाजाचे जेवण देशभर का पसरले नाही? पंजाबी ढाबा कन्याकुमारीलाही सापडतो, आणि सिंधी कढी मात्र कल्याणच्या मराठी माणसालाही ठाऊक नसते, असे का व्हावे?

याचे एक कारण चुलीच्या स्वरूपात आहे. पंजाबातील तंदूर हा मुळातच सामाईक. गावातील ‘सांझा चुल्हा’ म्हणजे आळीतल्या सगळ्या बायकांनी आपापले पीठ घेऊन जावे आणि एका भट्टीवर रोट्या लावून आणाव्यात अशी व्यवस्था. तिला बाजारात यायला फारसे बदलावे लागले नाही. शिवाय पुढे हॉटेलांच्या मुदपाकखान्यांनी सोय शोधून काढली. लाल, पांढरी आणि पिवळी अशा तीन रश्श्यांची पातेली सकाळीच तयार ठेवायची आणि गिऱ्हाईक मागेल त्याप्रमाणे त्यात पनीर, मटार वा काजू सोडायचे. दहा मिनिटांत तीस प्रकारच्या भाज्या! या सोयीचेच नाव पुढे ‘पंजाबी’ पडले. पंजाबातल्या घरी शिजणाऱ्या सरसोंच्या भाजीशी किंवा कढीशी तिचे नाते नावापुरतेच उरले.

दाक्षिणात्य उपाहारगृहांचीही गोष्ट तशीच. उडुपीच्या श्रीकृष्ण मठात आणि त्या परिसरातील मंदिरांत शेकडो पानांचा स्वयंपाक रोज होत असे. मोठ्या हंड्यांत, ठरलेल्या मापाने, सोवळ्याच्या शिस्तीत अनेकांसाठी रांधण्याची विद्या तिथल्या आचाऱ्यांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या होती. माटुंग्याला ए. रामा नायक यांनी १९४२ साली सुरू केलेले ‘उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग’ केळीच्या पानावर जेवण वाढू लागले, ते या मंदिराच्या शिस्तीला शहरात आणूनच.

सिंधी आणि मराठी स्वयंपाक मात्र घरच्या चुलीचा. त्याला वेळ लागतो आणि तो थोड्या माणसांसाठी, ओळखीच्या माणसांसाठी होतो. तो बाजारात आला नाही याचे मूळ कारण हेच. सिंधी समाजाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. पंजाबी माणसाला अर्धा का होईना, पंजाब मिळाला. सिंधी माणसाच्या वाट्याला आपल्या नावाचे एकही राज्य आले नाही. राष्ट्रगीतात सिंधचे नाव आहे, १९६७ साली सिंधी भाषेला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले; पण पाय टेकायला भूमी नाही. दुसऱ्याच्या गावात दुकान मांडणारा माणूस गिऱ्हाईकाला हवे ते विकतो. आपले खास ते तो घरात ठेवतो.

उल्हासनगरच्या सकाळी

घरात ठेवलेले हे ‘खास’ काय आहे, ते पाहण्यासाठी उल्हासनगरला सकाळी जावे लागते. रात्री गेलेल्याला तिथे इतर कोणत्याही शहरात मिळते तेच मिळेल. सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, विशेषतः रविवारी, कॅम्पांच्या गल्ल्यांतून हिंडले की दाल-पकवानाच्या गाड्या आणि छोटी दुकाने दिसतात. मैद्यात मोहन, जिरे आणि ओवा घालून पातळ लाटलेली, फुगू नये म्हणून टोचे मारलेली मोठी पुरी मंद आचेवर कडकडीत तळतात, ते पकवान. सोबत चण्याची डाळ. ती हळद-मिठात अशी शिजवायची की दाणा दिसायला अख्खा राहावा, पण बोटाने दाबताच मोडावा. वर चिंचेची आंबटगोड चटणी, हिरवी चटणी आणि बारीक चिरलेला कांदा. पकवान डाळीत बुडवून ठेवले की संपले. तोडायचे, डाळ उचलायची आणि कुरकुरीत आहे तोवर तोंडात टाकायचे. अकरानंतर गेलेल्याला रिकामे पातेले पाहावे लागते. ते रिकामे पातेले हीच त्या दुकानाची पावती समजावी.

दाल-पकवान निदान रस्त्यावर आले. बाकीचा सिंधी स्वयंपाक अजून पुष्कळसा घरातच आहे, आणि तो मराठी माणसाने चाखला तर त्याला आश्चर्याचा धक्का बसेल, इतका तो आपल्या जवळचा आहे. आपल्याकडे कढी म्हटली की ताक आलेच. सिंधी कढीत ताकाचा थेंब नसतो. बेसन तेलात खमंग भाजून, पाणी घालून उकळतात. आंबटपणा चिंचेचा, काही घरी आमसुलांचा. आणि त्यात शेवग्याच्या शेंगा, भेंडी, गवार, बटाटा. रविवारी दुपारी ही कढी, भात आणि दोनदा तळलेल्या बटाट्याचे ‘टुक’ हा सिंधी घराचा ठरलेला बेत. ‘साई भाजी’ म्हणजे पालक, चुका, शेपू आणि चण्याची डाळ एकत्र शिजवून घोटलेली भाजी. आपल्या लग्नाच्या पंगतीतील अळूच्या किंवा चुक्याच्या पातळ भाजीची ही सख्खी बहीणच! ‘डोडो’ म्हणजे ज्वारी-बाजरीची जाडसर भाकरी. ‘कोकी’ म्हणजे कांदा, मिरची, कोथिंबीर घातलेली गव्हाची जाड पोळी. ती एकदा अर्धवट भाजून पुन्हा लाटतात आणि मग तूप सोडून खरपूस करतात. ती दोन दिवस टिकते, म्हणून ती प्रवासाची शिदोरी. सिंधमधून निघताना किती गाठोड्यांत ती बांधलेली असेल, याची कल्पना करावी.

सणांच्या बाबतीतही हेच. आपला गुढीपाडवा आणि त्यांचा चेटीचंड चैत्राच्या आरंभी जोडीने येतात. त्या दिवशी झुलेलालाला गोड भाताचा, ‘तहिरी’चा प्रसाद. श्रावणात त्यांची ‘थदडी’. त्या दिवशी चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशी केलेले गोड ‘लोलो’ आणि कोकी थंडच खायची. आपल्या शीतळा सप्तमीचा हाच विधी, हाच अर्थ. होळीला मिठाईच्या दुकानांत घीयर दिसू लागतात, ताटाएवढी मोठी, जिलबीच्या घराण्यातली. आणि कोणत्याही दिवशी सिंधी घरी गेलेल्या पाहुण्यापुढे पाण्याच्या पेल्याबरोबर भाजलेला पापड येतो. आपण गूळ-पाणी देत होतो, ते पापड देतात.

कल्याण-अंबरनाथच्या मराठी कुटुंबांनी गेली पंचाहत्तर वर्षे उल्हासनगरात कापड घेतले, कपाटे घेतली, लग्नाचे बस्ते बांधले. पण शेजाऱ्याच्या ताटात काय आहे, हे फार थोड्यांनी विचारले. राष्ट्रीय एकात्मतेवर भाषणे पुष्कळ होतात. दोन स्थानके पलीकडे राहणाऱ्या समाजाची कढी ठाऊक नसणे ही त्या एकात्मतेतील उणीवच म्हणावी लागेल.

कारखान्याचा भोंगा आणि खानावळ

उल्हासनगरच्या पुढे अंबरनाथ. वालधुनीच्या काठचे तिथले शिवमंदिर शिलाहारांच्या काळातले. शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख त्यावर आहे. महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते. पण आजच्या अंबरनाथची वस्ती वाढवली ती कारखान्यांनी. विम्कोचा आगपेट्यांचा कारखाना, धरमसी मोरारजी केमिकल, आयुध निर्माणी आणि पुढे औद्योगिक वसाहत. कोकणातून, घाटावरून, दक्षिणेतून, उत्तरेतून माणसे आली. पहिल्या पिढीतील पुष्कळ जण कुटुंब गावी ठेवून आले होते. त्यांना दोन वेळ जेवू घालणारी संस्था म्हणजे खानावळ.

मराठी माणसाच्या ‘बाहेरच्या जेवणा’चा सगळा इतिहास या शब्दात सामावला आहे. चैन म्हणून बाहेर जेवणे त्याला माहीतच नव्हते. ज्याचे घर जवळ नाही, तो खानावळीत जाई. मुंबईच्या गिरणगावात हे काम हजारो स्त्रियांनी केले. दहा-बाय-दहाच्या खोलीत वीस-वीस गिरणी कामगारांचे डबे त्या रांधत. या खानावळवाल्या स्त्रियांना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. मराठी पारंपरिक जेवण शहरात जगवण्याचे श्रेय द्यायचे, तर ते प्रथम या अन्नपूर्णांना द्यावे लागेल. त्यांच्या दारावर पाटी नव्हती, सूचिपत्र नव्हते. सोमवारी काय, गुरुवारी काय, एकादशीला काय, हे पंचांगाने आणि बाजारातल्या भाजीच्या भावाने ठरत असे.

दुसरी परंपरा उपाहारगृहांची. दादरला मामा काणे यांनी १९१० साली सुरू केलेल्या उपाहारगृहापासून गिरगाव-दादरच्या फराळाच्या पदार्थांची दुकाने ही मराठी मध्यमवर्गाची अभिमानाची स्थळे होती. थालीपीठ, साबुदाण्याची खिचडी, पियूष, कोथिंबीर वडी हे पदार्थ तिथे आले. पण ते सगळे मधल्या वेळचे खाणे. वरण-भात, भरली वांगी, अळूची भाजी, पुरणपोळी हे पूर्ण ताट मात्र बराच काळ घरातच राहिले. ‘घरी रोज मिळते, त्याला पैसे कोण देणार?’ हा विचार त्यामागे होता. घरी ते रोज मिळत होते, तोवर तो विचार खरा होता. आज घरातील स्त्री आणि पुरुष दोघेही सकाळी सातच्या लोकलने मुंबई गाठतात आणि रात्री नऊला परततात. आता ते ताट घरीही आठवड्यातून एकदा दिसते. बाहेर कधी आले नाही आणि घरात उरत नाही, असा पेच मराठी स्वयंपाकापुढे आहे. सिंधी स्वयंपाकापुढेही तोच आहे. शेजाऱ्यांचे हे साम्य लक्षात घेण्यासारखे आहे.

बदलापूर : पोळी-भाजी आणि रानभाजी

बदलापूरचे नाव घोडे बदलण्याच्या ठिकाणावरून पडले, असे सांगितले जाते. गेल्या तीस-चाळीस वर्षांत इथे माणसांनी घरे बदलली. गिरगाव, परळ, दादर, डोंबिवली असे करीत मराठी कुटुंबे इथवर आली. त्यांच्याबरोबर आली पोळी-भाजी केंद्रे. संध्याकाळी लोकलमधून उतरणारी गर्दी स्थानकाबाहेरच्या अशा एखाद्या दुकानापुढे थांबते, मोजून पोळ्या घेते, वाटीभर उसळ घेते, चतुर्थी असेल तर मोदकांची नोंदणी करते. या दुकानांना कोणी ‘रेस्टॉरंट’ म्हणणार नाही. बसायला बाक नसतो. पण पारंपरिक जेवण शोधणाऱ्याने याच दुकानांकडे प्रथम पाहावे. आतल्या खोलीत चार-पाच गृहिणी पोळ्या लाटत असतात. त्यांच्यातील एक कोकणातली असेल, तर उसळीला ओल्या नारळाचे वाटण असेल. एक खानदेशातली असेल, तर हिवाळ्यात वांग्याचे भरीत मिळेल. विचारणाऱ्यालाच हे कळते.

कल्याणच्या जुन्या वस्तीतील प्रसिद्ध ‘खिडकी वडा’ हे याच रीतीचे उदाहरण. एका कुटुंबाने आपल्या घराच्या खिडकीतून वडे विकायला सुरुवात केली आणि ती खिडकीच त्या वड्याचे नाव झाली. घर आणि रस्ता जिथे भेटतात, ती ही जागा. पारंपरिक चव शोधायची असेल तर अशा जागा शोधाव्यात.

आणि सर्वांत जुना थर? तो स्थानकाच्या पुलाखाली, रस्त्याच्या कडेला बसलेला असतो. पावसाळा लागला की ठाकर आणि कातकरी भगिनी डोंगरातून टोपल्या घेऊन येतात. आरंभी शेवळे, मग टाकळा, भारंगी, कुडाची फुले, करटोली. शेवळाला खाज असते. ती मारण्यासाठी त्याच टोपलीत काकडे नावाची आंबट फळे ठेवलेली असतात. काकडाशिवाय शेवळे घेऊ नये, हे ज्ञान त्या भगिनीकडे आहे, कोणत्याही पंचतारांकित आचाऱ्याकडे ते असेलच असे नाही. जूनच्या सुमारास बदलापूरच्या टपोऱ्या जांभळांचे द्रोण येतात. आसपासच्या आगरी-कुणबी गावांत तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, सुकटीची चटणी, सणाला वडे-सागुती हे अन्न आजही रोजचे आहे. महामार्गावर आणि फार्महाऊसच्या वाटेवर काही घरगुती खानावळींत ते मिळू लागले आहे. पण शेवळाची भाजी वाढणारे उपाहारगृह शोधू गेल्यास निराशाच पदरी येण्याचा संभव अधिक. ती खायची असेल तर टोपलीवालीकडून कृती विचारून घरीच करावी लागते. या भूमीचे सर्वांत अस्सल अन्न अजून बाजाराच्या सूचिपत्रात आलेलेच नाही.

चांगली जागा ओळखावी कशी?

इथवरच्या विवेचनातून काही खुणा हाती लागतात. पहिली खूण वेळेची. पारंपरिक पदार्थाला त्याची वेळ असते. दाल-पकवान सकाळी, खानावळीचे ताट दुपारी एकपर्यंत, भजी पावसात, घीयर होळीला. जिथे सर्व काही सर्व काळ मिळते, तिथे ते बहुधा शीतकपाटातून येते.

दुसरी खूण सूचिपत्राची. ते जितके आखूड, तितका विश्वास अधिक. एका हाताला चार-पाच पदार्थ उत्तम जमतात. दीडशे जमत नाहीत.

तिसरी खूण गिऱ्हाइकाची. सिंधी उपाहारगृहात वृद्ध सिंधी जोडपी येतात का? मालवणी खानावळीत कोकणातली माणसे जेवतात का? आपल्या आईच्या हातची चव ज्यांना आठवते, ती माणसे जिथे पुन्हा पुन्हा जातात, ती जागा पारखून घेतलेली असते.

चौथी खूण पंचांगाची. एकादशीला, श्रावण सोमवारी, चतुर्थीला त्या दुकानाच्या पातेल्यात काही बदल होतो का? होत असेल, तर ते दुकान अजून एखाद्या घराशी जोडलेले आहे.

पाचवी खूण स्वच्छतेची, आणि ती भावनेच्या भरात विसरू नये. अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ साली झाला, २०११ पासून तो लागू आहे. छोट्या गाडीवाल्यानेही नोंदणी करून चौदा अंकी क्रमांक लावावा, अशी त्यात अपेक्षा आहे. तळणीचे तेल काळे पडले आहे का, पिण्याचे पाणी झाकलेले आहे का, हे पाहणे म्हणजे परंपरेचा अपमान नाही. सोवळ्याचा मूळ अर्थ स्वच्छता हाच होता.

उलट काही गोष्टी या खुणांत मोडत नाहीत. भिंतीवर टांगलेले बैलगाडीचे चाक, दारातली तुळस, नऊवारी नेसवलेल्या वाढपी मुली यांनी जेवण पारंपरिक होत नाही. पदार्थ किती प्राचीन, याचा वादही निष्फळ आहे. बटाटा, मिरची आणि साबुदाणा देणारा कसावा ही तिन्ही अमेरिका खंडातून पोर्तुगिजांच्या काळात इथे आली. पाव तर त्यांचाच. तरी १९६० च्या दशकात दादरला जन्मलेला वडापाव आज मराठी माणसाचा आहे आणि साबुदाण्याची खिचडी उपासाची. समाज जे मायेने शिजवतो आणि पुढच्या पिढीला शिकवतो, ते त्याचे होते. म्हणून परंपरा मोजायची ती वर्षांनी नव्हे. हा पदार्थ कोणाच्या घरी अजून शिजतो का आणि कोणी तो कोणाकडून शिकले आहे का, एवढेच विचारावे.

किंमत आणि कर्तव्य

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. १९९५ साली महाराष्ट्रात सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे सुरू केली. हेतू चांगला होता, गरिबाच्या पोटात अन्न गेले. परंतु अनुदान थांबताच पुष्कळ केंद्रांतून झुणका-भाकर नाहीशी झाली आणि त्याच जागी इतर खाद्यपदार्थांच्या टपऱ्या उभ्या राहिल्या. भाकरी थापणाऱ्या हाताला पुरेसा मोबदला नसेल, तर भाकरी टिकत नाही, हा त्यातला धडा आहे. पनीरच्या भाजीला आणि पिझ्झ्याला शेकडो रुपये मोजणारे कुटुंब पोळी-भाजी केंद्रात मात्र पोळीमागे दोन रुपयांसाठी घासाघीस करते. ‘घरचेच तर आहे’ हे वाक्य त्या वेळी सर्रास ऐकू येते. घरचे म्हणजे फुकटचे, ही समजूतच घरच्या अन्नाच्या मुळावर आली आहे. पिढ्यान्‌पिढ्या घरातील स्त्रीच्या श्रमांना मोल दिले नाही. आता तेच श्रम दुकानात आले, तेव्हाही त्यांना मोल द्यायचे नाही, हे न्यायाला धरून नाही.

उल्हासनगरच्या बॅरॅकी पडून त्यांच्या जागी इमारती झाल्या आहेत. दाल-पकवान करणाऱ्यांची मुले शिकली, परदेशी गेली. ही आनंदाचीच गोष्ट आहे. अंबरनाथचे कारखाने पूर्वीसारखे राहिले नाहीत, म्हणून खानावळीही कमी झाल्या. सिंधमध्ये जन्मून कोकी, साई भाजी करायला शिकलेली पिढी आज ऐंशी-नव्वदीच्या घरात आहे. गिरणगावात डबे रांधणाऱ्या मावशीही आता थकल्या आहेत. ही माणसे गेल्यावर त्यांच्या चवीचा पत्ता विचारायला कोणी उरणार नाही. वेळ थोडा आहे आणि करण्यासारखे पुष्कळ आहे.

त्यासाठी मोठ्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. महिन्यातील एका रविवारी सकाळी कुटुंबाने मुलांसह उल्हासनगरला जावे, दाल-पकवान खावे आणि ते करणाऱ्याला ‘हे कोणाकडून शिकलात?’ एवढे विचारावे. सोसायटीतील सिंधी आजींना कढीची कृती विचारावी, बदल्यात त्यांना अळूची भाजी द्यावी. जूनमध्ये टोपलीवालीकडून काकडांसह शेवळे घ्यावीत आणि ती सांगेल ती कृती वहीत उतरवावी. ज्या तरुण-तरुणींना व्यवसाय करायचा आहे, त्यांनी दीडशे पदार्थांच्या सूचिपत्राचा मोह सोडून आपल्या आजीच्या पाच पदार्थांचे दुकान मांडावे. वस्त्यांमधल्या मंडळांनी आणि महिला गटांनी त्यांना पहिले गिऱ्हाईक मिळवून द्यावे. आणि पुढच्या वेळी पाहुण्याने ‘इथले खास काय?’ असे विचारले, तर यजमानाने गोंधळून न जाता सकाळी साडेसातला त्याला सोबत घेऊन कॅम्पाच्या दिशेने निघावे. पातेले रिकामे होण्यापूर्वी पोहोचले म्हणजे झाले.